कापलेला कोपरा

रिकामी गादी श्वास घेत होती.

म्हणजे तिला जोडलेल्या डबीवरचा हिरवा दिवा तसं सांगत होता. दिवा लागला की एक श्वास झाला, विझून पुन्हा लागला की दुसरा. रविवारची दुपार, प्रयोगशाळेत मी एकटी, आणि टेबलावरच्या त्या उशीएवढ्या गादीवर साधा हातरुमालसुद्धा ठेवलेला नव्हता. तरी दिवा आपला इमानेइतबारे लागत होता. मी डबीला एक टपली मारली. डबी माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या थिटेने जोडलेली होती आणि थिटेच्या हातच्या वस्तूंना अधूनमधून टपल्या लागत. काही फरक पडला नाही.

मग शेजारच्या मेजावरून ‘टिक’ असा आवाज आला. तिथे ओले नमुने वाळवायचा तांबडा दिवा चालू होता. जरा जास्त तापला की तो आपोआप बंद होई, निवला की पुन्हा लागे. टिक, तांबडा लागला. इकडे हिरवा. टिक, विझला. टिक, पुन्हा हिरवा. मी एक पुठ्ठा घेऊन गादीवर आडवा धरला आणि ऊब अडवली. हिरवा दिवा गप्प. पुठ्ठा काढला, पुन्हा सुरू. मग गादीची कड हातात धरून, बाळाची छाती हलते तितकी हळूहळू वाकवून पाहिली. आता खरं तर दिवा लागायला हवा होता. ढिम्म.

असल्याच चार गाद्या गेल्या बुधवारपासून आंबेसांगवीच्या इस्पितळात होत्या, चार बाळांखाली.

गादीची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अपुऱ्या दिवसांची बाळं झोपेत श्वास घ्यायचं विसरतात. नर्सने वेळेवर तळपायाला टिचकी मारली की बाळ दचकतं आणि पुन्हा श्वास घेऊ लागतं. पण नर्स एक आणि बाळं चार, मग टिचकी मारणार कोण आणि कधी? म्हणून ही गादी. श्वासागणिक हिरवा दिवा, आणि श्वास थांबला की भोंगा. आमच्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचं ते त्या वर्षीचं मोठं काम होतं. काम निमकर सरांचं होतं, हात माझे आणि थिटेचे.

गादीच्या पोटात प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मच्या पट्ट्या होत्या. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड असं तिचं भारदस्त नाव. दिसायला नव्या शर्टाच्या वेष्टनासारखी. ती गरम करून चांगली चौपट ताणायची, दोन्ही अंगांना धातूचा पातळ मुलामा द्यायचा आणि गरम तेलात बुडवून काही हजार व्होल्ट लावायचे. तेवढ्या विजेपुढे आतले रेणू कूस बदलतात. फ्लोरीन सगळा एका अंगाला, हायड्रोजन दुसऱ्या. व्होल्ट न काढता पट्टी निवू दिली की ते तसेच राहतात. अशी पट्टी केसाएवढी वाकली तरी वीज देते. तिची खोड एकच, ऊब बदलली तरीही देते. त्या खोडीवर इलाज म्हणून दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या, एकीची धन बाजू वर आणि दुसरीची खाली. मग उबेची वीज एकमेकींना मारते आणि वाकण्याची दुप्पट होते. चुकून दोघींची धन बाजू वरच लागली तर सगळंच उलटं. वाकणं मारलं जातं आणि ऊब दुप्पट होते. बाळांना ज्या हीटरखाली ठेवतात, ज्याला इस्पितळात वॉर्मर म्हणतात, तोही असाच टिकटिक करत चालू-बंद होतो. म्हणजे बाळाचा श्वास थांबला तरी आंबेसांगवीचा हिरवा दिवा लागतच राहणार होता.

आता धन बाजू कुठली, हे काही डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी आमच्याकडे कोपरा कापायची रीत होती. व्होल्ट लावून झाले की पट्टी चिमट्यातून सोडवायच्या आधीच तिचा एक कोपरा कात्रीने उडवायचा. कापलेला कोपरा वर उजव्या हाताला आला की वरची बाजू धन. आणि ज्याने व्होल्ट लावले त्यानेच कापायचा. दुसऱ्या कोणी त्या वेळी कात्रीला हात लावला तर निमकर सर ओरडत. एरवी ते कधी आवाज चढवत नसत.

मी टेबलाखालून उरलेल्या पट्ट्यांचे दोन डबे काढले. एका डब्यात माझ्या पट्ट्या होत्या, मी मामेबहिणीच्या लग्नाला अक्कलकोटला जाण्याआधी केलेल्या. दुसऱ्या डब्यातल्या सरांच्या. मी हळदीपासून मांडवपरतणीपर्यंत तिकडे अडकले आणि इकडे इस्पितळातल्या उद्घाटनाच्या पाहुण्यांनी तारीख अलीकडे ओढली, म्हणून उरलेल्या पट्ट्यांना सरांनी स्वतः व्होल्ट लावले होते. प्रत्येक गादीत एक थर माझा आणि एक थर सरांचा बसला होता.

माझी एक पट्टी मीटरला लावली, कापलेला कोपरा उजवीकडे धरला आणि अंगठ्याने दाबलं. काटा उजवीकडे उडाला. सरांची लावली. काटा डावीकडे. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या डावीकडे.

कारण शोधायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. व्होल्ट द्यायचं जुनं यंत्र सरांनी तरुणपणी भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरमधून स्वतः जुळवलेलं होतं आणि त्यात लाल वायर ऋण होती. का होती ते देव जाणे. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा हाच मिळायचा, की इथे लाल म्हणजे ऋण. सरांना त्याचा अभिमानच होता. दिवाळीत नवं यंत्र आलं, साऱ्या जगासारखं लाल वायर धन असलेलं. मी सवय मोडायला महिनाभर स्वतःशी पुटपुटत काम केलं होतं. सरांनी नव्या यंत्रावर हात टाकला तो त्या एकाच आठवड्यात, मी नसताना, घाईत. वीस-पंचवीस वर्षांचा सराव असलेला हात. त्याने लाल वायरीचं अंग ऋण समजून कोपरा कापला.

मी विभागाच्या ऑफिसातून आंबेसांगवीला फोन लावला. तिकडे इस्पितळाचा ऑपरेटर होता.

“नर्सरीत फोन द्या, तातडीचं आहे.”

“नर्सरीत फोन न्हाई बाई.”

“मग डॉक्टरबाईंना द्या.”

“बाई पुण्याला गेल्यात. कोण बोलतंय?”

“विद्यापीठातून बोलतेय. त्या श्वासाच्या गाद्या आहेत ना, त्या आत्ता बाळांखालून काढायला सांगा. त्या बिघडल्यात.”

“आपण कोण? प्रोफेसर का?”

“विद्यार्थिनी.”

“असं करा, तुमच्या सायबास्नी बोलायला सांगा,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग मी सरांच्या घरी फोन केला. ते पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आले, घरचा सदरा आणि पायात चपला. मला त्याही घाईत बरं वाटलं. वाटलं, सर आले, आता सगळं मार्गी लागेल. निमकर सरांबद्दल मला तेव्हा काय वाटायचं हे आज सांगताना जीभ कडू होते. म्हेत्रे गल्लीतली मी, हत्तरकींच्या घरातली पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी, घरी सगळे म्हणत, आता पुरे. सर स्वतः आमच्या घरी येऊन जमिनीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, “हिचा हात सोन्याचा आहे, तीन वर्षं मला उसनी द्या.” वडिलांनी लग्नाचा विषय तीन वर्षं काढला नाही तो त्या एका वाक्यावर.

सरांनी रिकामी गादी पाहिली. तांबडा दिवा, हिरवा दिवा. पुठ्ठा धरून पाहिला. मग मी त्यांच्यापुढे मीटर सरकवला आणि त्यांची पट्टी दिली.

“दाबा सर.”

त्यांनी दाबली. काटा डावीकडे गेला. त्यांनी पट्टी उजेडात धरली, कोपरा बघितला, पुन्हा लावली, पुन्हा दाबली. मग नव्या यंत्राकडे नजर गेली आणि तिथेच राहिली.

“लाल,” ते म्हणाले.

“हो सर.”

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. इस्पितळात फोन केला होता, पण माझं ऐकत नाहीत. तुम्ही करा सर. आत्ता. मग मी चारही गाद्या घेऊन येते. पट्ट्या काही वाया गेल्या नाहीत, सोडवून उलटे व्होल्ट दिले की त्या फिरतात. दोन-तीन दिवसांत दुरुस्त करून देते.”

सर स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

“फोन केला की पहिला प्रश्न काय येईल, सुवर्णा?”

“काय येईल?”

“चूक कोणाची.”

“वायरीची अदलाबदल झाली म्हणायचं.”

“कोणाकडून?”

मी त्यांची पट्टी मीटरवरून सोडवून डब्यात ठेवली. त्यांच्या तोंडावर काय सांगणार?

“मंगळवारी दिल्लीची समिती येतेय,” सर म्हणाले. “केंद्र मंजूर व्हायचं ते या गादीच्या जोरावर. संवेदकांचं केंद्र, तीन मजली. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ज्या माणसाला धन-ऋण कळत नाही त्याच्या हातात ते देतील का?”

“सर, बाळं आहेत तिथे.”

“म्हणून तर बोलतोय. तू विद्यार्थिनी आहेस. विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर लोक दोन दिवस बोलतात, मग विसरतात. माझं तसं नाही होणार.”

ते काय मागत होते ते समजायला मला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा आधी हसूच आलं.

“मी इथे नव्हते सर. मी अक्कलकोटला बुंदी वाढत होते.”

“हे थिटेला माहितेय. थिटेचं मी बघतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आवाज तसाच मऊ, मला रेणूंची कूस समजावून सांगताना असायचा तसा.

“तर मला रीतसर जावं लागेल. एका गादीवरून चार गाद्या वाईट आहेत असं कसं म्हणणार? त्या मागवायच्या, तपासायच्या, टिपण करायचं. समिती होऊन जाऊ दे, मग बघू. आठवडा तरी जाईल.”

“आठवडा? सर, एखादं बाळ रात्रीत जाईल!”

“तर मग तूच ठरव.”

“मी आत्ताच्या एसटीने जाते आंबेसांगवीला. स्वतः उचलून आणते गाद्या.”

“जा ना. ते मला फोन करतील. मी सांगेन, मला काही कल्पना नाही, मुलगी जरा तापट आहे.”

तापट मी होतेच. त्या क्षणी मी तो मीटर उचलून त्यांच्या टाळक्यात घातला असता. पण डोळ्यांपुढे सारखी ती नर्सरी येत होती, जी मी कधी पाहिली नव्हती. चार बाळं. त्यांतल्या एकाची छाती हलायची थांबलेली, वर वॉर्मर टिकटिकतोय आणि हिरवा दिवा लागतोय. नर्स दिव्याकडे बघते आणि दुसऱ्या बाळाला दूध पाजायला वळते. मी आणखी वाद घातला असता तर तेवढाच वेळ गेला असता.

“बरं,” मी म्हटलं. “मी कापला कोपरा. करा फोन.”

“उद्या सकाळी विभागाच्या बैठकीत सांगशील?”

“सांगेन. फोन करा सर आधी.”

त्यांनी ऑफिसात जाऊन फोन केला. मी शेजारी उभी होते. “नमस्कार, निमकर बोलतोय. त्या गाद्या काढून ठेवा. हो, सगळ्या. आमच्या एका विद्यार्थिनीच्या हातून जरा गडबड झालीय.” फोन ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “सहा महिने कळ काढ,” म्हणाले, “मी सगळं सरळ करून देतो.” तो हात मी झटकला नाही. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

सोमवारी विभागप्रमुखांच्या खोलीत चार-पाच प्राध्यापक बसले होते. थिटे चहाचे कप फिरवत होता. दिगंबर थिटे माझ्याबरोबरच लागला होता. आम्ही एकाच डब्यातली चटणी खाल्लेली. मी उभी राहिले आणि सांगितलं की कोपरा मी कापला, लाल वायर मी ऋण धरली, चूक माझी.

एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी भुवया चढवल्या. “पण तू तर त्या आठवड्यात लग्नाला गेली होतीस ना गं?”

मी थिटेकडे बघितलं. त्याने बशीत सांडलेला चहा मोठ्या काळजीने परत कपात ओतला.

“जायच्या आधी केल्या मॅडम. घाईत.”

“लग्न दुसऱ्याचं आणि धांदल हिची,” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. निमकर सर पण हसले. “जाऊ द्या हो,” ते म्हणाले, “लहान आहे. हात चांगला आहे तिचा, लक्ष जरा कमी पडलं.” मला समजून घेणारा तिथे तेवढा एकच माणूस होता.

बाहेर आल्यावर थिटे जिन्यात मागून आला.

“कशाला उडी घेतलीस गं खाईत?”

“तू बोलला का नाहीस?”

“माझा प्रबंध त्यांच्याकडं हाय, सुवर्णे. आई दोनदा इचारती आठवड्यात, कवा डॉक्टर हुणार म्हणून. काय बोलू मी?”

त्याच्यावर मी फार काळ चिडू शकले नाही. तो निदान खाली मान घालत होता.

दिल्लीची समिती आली, जेवली, केंद्र मंजूर करून गेली. मला पट्ट्यांच्या कामापासून दूर ठेवायचं ठरलं, ‘तूर्तास’. गाद्या परत आल्या त्याही मला कोणी दाखवल्या नाहीत. पट्ट्या मीच सांगितलेल्या रीतीने उलटे व्होल्ट देऊन फिरवल्या गेल्या, असं थिटेकडून कळलं. सहा महिन्यांनी मी सरांकडे गेले. ते म्हणाले, आत्ता कुठे धूळ बसतेय, तू ती पुन्हा उडवू नकोस. वर्षाने गेले तर म्हणाले, विषयच बदल, कागदावर तुझ्याबद्दल शेरा आहे, परदेशी परीक्षकाने विचारलं तर मी काय सांगू? माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग थिटेच्या प्रबंधात गेला. थिटे डॉक्टर झाला, त्याची आई पेढे घेऊन आमच्या घरी आली. वडिलांनी पेढा हातात धरून मला विचारलं, “तू खरंच उलटी वायर लावलीस?” मी हो म्हटलं. दुसरं काही सांगितलं असतं तर ते काठी टेकत विद्यापीठात गेले असते.

मी ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. अकरावी-बारावीला विजेचे धडे शिकवले, शिकवतेय. सरांच्या नावाने विद्यापीठात आता व्याख्यानमाला चालते. एकदा आमंत्रण आलं होतं.

यंदा फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिकांना बाहेरची परीक्षक म्हणून मला आंबेसांगवीचं कॉलेज मिळालं. गावात धड लॉज नाही. प्राचार्य म्हणाले, साळवे सिस्टरांकडे खोली आहे, जेवणही चांगलं असतं. मार्था साळवे म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. सत्तरीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. मी हातपाय धुऊन बसले तर समोर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. त्या स्वतः समोर पाट घेऊन बसल्या.

“इस्पितळात कुठल्या वॉर्डात होता तुम्ही?” मी सहज विचारलं.

“नर्सरीत की. जन्म गेला माझा त्या बाळांत.”

घास माझ्या हातातच राहिला. मी म्हटलं, “तुमच्याकडे एकदा विद्यापीठातून श्वासाच्या गाद्या आल्या होत्या.”

“हिरव्या दिव्याच्या? अगं बया, तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी होते ते बनवणाऱ्यांत.”

“असं का!” त्या खूश झाल्या. “फार सुरेख केल्या होत्या हो. पण आम्ही त्या लावल्याच नाहीत कधी.”

“लावल्या नाहीत म्हणजे?”

“प्लग कुठं होते? भिंतीत चार, अन् चार वॉर्मरला चार. बाळं गार पाडायची का दिवा बघायला? उद्घाटनाला मांडववाल्याची लांब वायर ओढून आणली होती खिडकीतनं, तेवढ्या फोटोपुरती. पाहुणे गेले, मांडववाला त्याची वायर गुंडाळून घेऊन गेला. मग मी घड्या घालून ठेवल्या कपाटात. मागनं फोन आला तुमच्याकडनं, तवा तशाच बांधून दिल्या.”

“बाळं त्या गादीवर नव्हतीच?”

“एक फोटोपुरतं ठेवलं होतं. ते बी रडाय लागलं म्हणून उचललं.”

मला वाटलं, हे सरांना कोणी कळवलं नसेल. कोण कळवणार? मी तसं म्हटलं.

“न्हाई न्हाई, त्यांना ठाऊक होतं,” सिस्टर म्हणाल्या. “ते उंच, चष्म्याचे ना? उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आले होते परत. सत्काराची शाल विसरली होती त्यांची. मीच काढून दिली कपाटातनं, गाद्यांच्या वरच ठेवली होती मी. तेव्हा सांगितलं की मी, साहेब, प्लगची सोय करा म्हणजे लावू. बघितलं त्यांनी, हसले. म्हणाले, राहू दे सिस्टर, वायरमन पाठवतो. कुठला वायरमन अन् कुठलं काय.”

उद्घाटन बुधवारी होतं. म्हणजे गुरुवारी सकाळी सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी त्या गाद्या कपाटात पाहिल्या. आणि रविवारी स्टुलावर बसून, सदऱ्याने चष्मा पुसत, मला म्हणाले, तर मग तूच ठरव. ‘अगं, गाद्या कपाटात आहेत,’ एवढं म्हणाले असते तर मी शांतपणे चहा ठेवला असता आणि कोपरा कोणी कापला हे जन्मभर कोणाला सांगितलं नसतं. त्यांना तेही माहीत होतं बहुतेक. पण मग चूक त्यांचीच राहिली असती, मला ठाऊक असलेली.

“आणि ती बाळं?” मी विचारलं. “तेव्हा नर्सरीत होती ती?”

“त्या वेळची चारही? धडधाकट गेली सगळी घरला. मी आपली फिरत असायची एकीकडनं एकीकडं, टिचक्या मारत. एकाचं तर परवा लग्न झालं, पत्रिका आली होती मला. तुम्ही जेवा की बाई, भाकरी गार होतीय.”

खरं सांगते, सरांनी माझं नाव घालवलं, काम घेतलं, ते मी केव्हाच गिळलं होतं. गिळता आलं ते त्या चार बाळांमुळे. दर वर्षी मी त्यांचं वय मनात वाढवत आले होते. आता शाळेत जात असतील, आता दहावीला, आता मत द्यायला. माझं लग्न राहून गेलं, मूलबाळ नाही. ती चार आपण वाचवली आहेत, ती कुठेतरी हिंडतायत-फिरतायत, हे कोणाला न सांगता मी जपलं होतं. कॉलेजात आंबेसांगवीचा मुलगा आला की मला उगाच त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावंसं वाटायचं. आणि ती चौघं माझी काहीच लागत नव्हती. सिस्टरांनी टिचक्या मारून वाढवलेली, सुखरूप, माझ्यावाचून.

बाळांना कधी काही धोकाच नव्हता, हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. मी वाट बघितली, मला बरं वाटलं नाही. उलट आत काहीतरी पेटत गेलं, आणि निदान एक तरी बाळ त्या गादीवर असायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. जेवत्या ताटावर, त्या बाईंच्या समोर बसून, मी ते मनात आणलं. निमकर सरांनी माझं काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.